भिंती रंगवायला आक्रा कशाला?

परदेशी शिक्षण म्हटले की आपल्याकडे लंडन नाहीतर बोस्टन. घानाच्या लेगॉन विद्यापीठातल्या आफ्रिका अभ्यास संस्थेचे उद्घाटन १९६३ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमांनी केले. तिकडे कोणाचे लक्ष नाही. जे परदेशी विद्यार्थी घानाला जातात, त्यांतले काही शाळेची भिंत रंगवून, पोरांसोबत फोटो काढून परततात. अहो, रंगारी तिथेही आहेत! समाजविकास बघायचा तर घानाची राजधानी आक्राच्या माकोला बाजारात बघावा. 'सुसू' ही तिथली रोजच्या बचतीची पद्धत. 'सुसू'वाला रोज भाजीवालीकडून ठरलेली रक्कम घेतो, कार्डावर खूण करतो आणि महिनाअखेरीस एका दिवसाचे पैसे स्वतःला ठेवून बाकीचे परत करतो. आपल्या भिशीची चुलतबहीणच. आपल्या विद्यापीठांनी तिथे विद्यार्थी जरूर पाठवावेत, पण आधी तिथली ट्वी भाषा शिकवून. आणि काम काय करायचे, ते तिथल्या गावाला ठरवू द्यावे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा