पश्चिमेच्या भिंतीलगतच्या झुडपांबद्दल

सॅन डिएगो
ऑगस्ट अखेर

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

बाबा, पश्चिमेच्या कंपाउंडलगतच्या पट्ट्याचं फोनवर नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. दुपारी एकपासून दिवस मावळेपर्यंत तिथे ऊन असतं, वर भिंतीची धग. तिथे मोगरा लावू नका. मेंदी जगेल, पण सारखी छाटावी लागेल आणि तुमच्या कमरेला ते झेपणार नाही. त्या जागेला ल्युकोफायलम लावा. नर्सरीवाले याच नावाने ओळखतात, काही ‘टेक्सास सेज’ म्हणतात. बारमाही रुपेरी पानांचं झुडूप, पाच ते सात फूट उंच होतं, जांभळट गुलाबी फुलं येतात. बुटकी जात मिळाली, तीन-चार फुटांवर थांबणारी, तर उत्तमच.

नर्सरीत रुपेरी म्हणून कोनोकार्पसही पुढे करतील. तो घेऊ नका. झपाट्याने वाढतो, मुळं पाइपलाइनीत घुसतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदीच घातली. ओळखायला सोपं आहे: ल्युकोफायलमचं पान जेमतेम इंचभर, गोलसर, मऊ लव असलेलं. अंगठ्याने जरा घासलं की लव निघते आणि खालचा हिरवा रंग दिसतो. ही लवच ऊन परतवते आणि पानातलं पाणी धरून ठेवते. सावलीत किंवा फार पाण्यावर वाढवलं की लव विरळ होते, पान हिरवट पडतं आणि फांद्या लांबोड्या होऊन लोळतात. म्हणून कडुनिंबाखालचा कोपरा सोडून द्या, किमान सहा तास ऊन हवंच.

हे झुडूप मूळचं टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या चुनखडीच्या रानातलं. आपल्या मातीत चुनखडी आहे, बोअरचं पाणी जड आहे, त्याचं त्याला काही वाटणार नाही. अडचण दुसरीच आहे. इकडे सॅन डिएगोला वर्षाला जेमतेम २५० मिलिमीटर पाऊस, तोही थंडीत. थंड ओल मुळांना फारशी बाधत नाही. लातूरला त्याच्या तिपटीच्या आसपास पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर, उकाड्यात. वर काळी माती, भिजली की फुगून बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. गरम, साचलेल्या ओलीत मुळं कुजतात. थोडक्यात, हे झाड मे महिन्यात मरायचं नाही, मेलंच तर भाद्रपदात मरेल. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

जागेची परीक्षा आत्ताच करून घ्या. फूटभर खोल, फूटभर रुंद खड्डा घेऊन पाण्याने भरा. उघडीप लांबली असेल आणि जमीन भेगाळली असेल, तर पहिलं पाणी भेगांतून भसकन निघून जाईल. त्यावर विश्वास ठेवू नका. माती फुगू द्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. चार-पाच तासांनीही पाणी तसंच असेल, तर झाड जमिनीत लावायचं नाही, वरंब्यावर लावायचं. आपल्याकडे तसंच निघेल असं मला वाटतं.

काळ्या मातीत मोठा खड्डा घेऊन त्यात वाळू-मुरूम भरायचा, हा सल्ला पुष्कळ लोक देतील. तो ऐकू नका. आजूबाजूची माती पाणी सोडत नाही, त्यामुळे तो खड्डा रांजणासारखा भरून राहतो आणि मुळं नेमकी त्या पाण्यात उभी राहतात.

वरंबा असा करायचा. लांबी २० फूट, रुंदी ३ फूट, उंची सव्वा फूट. भिंतीला चिकटवू नका, दीड फूट जागा सोडा, नाहीतर भिंतीला ओल धरेल. हे साधारण ७५ घनफूट होतं, म्हणजे पाऊण ब्रास. अर्धा ब्रास मुरूम आणि पाव ब्रास शेतातली माती मागवा, त्यात चार-पाच घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत. जास्त शेणखत नको. सगळं कोरडंच कालवायचं, रोलर किंवा धुमसाने ठोकायचं नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर ते बसून फूटभर उरेल, तेवढं पुरे.

मुरूम मात्र पारखून घ्या. रस्त्यावर टाकतात तो बारीक, मातकट मुरूम दबून दगडासारखा होतो. हरभऱ्यापासून सुपारीएवढे खडे असलेला हवा. मूठभर मुरूम काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर ढवळा. पाच-दहा मिनिटांत पाणी बऱ्यापैकी नितळलं तर घ्या, गढूळच राहिलं तर ट्रॅक्टर परत पाठवा. वरंब्याच्या बाहेरच्या कडेला सहा इंच खोल चर काढून त्याचा उतार फाटकाकडे द्या. हे सगळं गडी लावून करायचं, बाबा. तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि फक्त उतार बरोबर निघतोय ना ते बघा.

झाडं पाच पुरतात. टोकापासून दोन फुटांवर पहिलं, मग चार-चार फुटांवर. पहिली दोन वर्षं मध्ये मोकळं दिसेल, तिथे आईची सदाफुली लावा, तिलाही पाणी कमीच लागतं. बुटकी जात असेल तर तीन-तीन फुटांवर सहा-सात लावा.

मृग निघाला की झाडं लावायची, ही आपली रीत. या झाडाला ती लागू नाही, कारण कोवळ्या मुळांवर सगळा पावसाळा येतो. दसऱ्याच्या सुमाराला, परतीचा पाऊस ओसरला की लावा. थंडी संपेपर्यंत मुळं पसरतात, मग उन्हाळाही सोसतो आणि पुढचा पावसाळाही. नर्सरीतली झाडं शेडनेटखालची असतात, घरी आणल्यावर आठ-दहा दिवस सकाळच्या उन्हात ठेवा, एकदम पश्चिमेच्या उन्हात नको. घेताना पिशवी जरा दाबून बघा आणि तळाशी मुळांचा वेटोळा बसलेला नको. फूट-दीड फुटाचं, बुडाजवळून फांद्या फुटलेलं रोप उंच काडीपेक्षा चांगलं.

लावताना पिशवी चिरून काढा, मातीचा गोळा फोडू नका, फक्त कडेची मुळं बोटांनी मोकळी करा. गोळ्याचा माथा वरंब्यापेक्षा इंचभर वर राहू द्या. खोडाशी माती चढवली की तिथूनच कूज सुरू होते. आळं करायचं ते खोडापासून वीतभर लांब, खोडाजवळ उंच आणि बाहेर खोलगट. वर दोन इंच बारीक खडी पसरा. उसाचं पाचट घालू नका, ते ओल धरतं आणि वाळवी लागते.

पाण्याचं सांगते, कारण तिथेच बाबांचा हात सैल आहे. पहिला पंधरवडा दर तिसऱ्या दिवशी झाडाला पाच लिटर. मग जानेवारीअखेर आठवड्यातून एकदा तेवढंच. फेब्रुवारीपासून पाऊस येईपर्यंत दर आठ-दहा दिवसांनी आठ लिटर. ठिबक लावलं तर तासाला ४ लिटरचा ड्रिपर खोडापासून फूटभरावर ठेवून दोन तास चालवा. खुरप्याने चार बोटं उकरा, ओल लागली तर पाणी पुढे ढकला. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी, तिसऱ्यापासून महिन्याला एकदा दिलं तरी खूप झालं. ऐन मे महिन्यातही पाच झाडांना एका पाळीला ४० लिटर. हिरवळ लावली असती तर दर चौरस मीटरला रोज पाचेक लिटर गेले असते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या गावात हिरवळीचा विषयच काढू नये, असं माझं मत.

आई, भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी चालेल. कपड्यांचं साबणाचं पाणी नको, त्यातल्या सोडियमने काळी माती अजूनच घट्ट होते. आरओचं टाकाऊ पाणी कधीमधी चालतं, पण रोज एकाच झाडाला नको.

पावसाळा लागला की ठिबक बंद. पहिल्या वर्षी तीन आठवड्यांचा खंड पडला तरच एक पाळी द्या. पावसात पानं पिवळी पडून गळू लागली आणि शेंडे माना टाकू लागले, तर ते तहानेसारखंच दिसतं आणि माणूस आणखी पाणी घालतो. आधी उकरून बघा. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजका वास येत असेल तर खडी बाजूला सारा, चर मोकळा करा आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड लिटरला ३ ग्रॅम घेऊन प्रत्येक झाडाच्या मुळाशी दोन लिटर ओता. हातमोजे घालून. अर्धी मुळं गेलेली असतील तर औषधावर पैसे घालवू नका, झाड काढून टाका.

किडीत पिठ्या ढेकूण तेवढा सांभाळा. पानं आधीच पांढरट, त्यात तो पटकन दिसत नाही. खोडावर मुंग्यांची ये-जा आणि पानावर चिकटपणा दिसला की तो आला समजा. पाण्याचा जोरदार फवारा, मग ५ टक्के निंबोळी अर्क. फवारणी सकाळी, पानं दुपारपर्यंत वाळली पाहिजेत.

युरिया अजिबात टाकायचा नाही. वाढ लुसलुशीत होते, लोळते आणि फुलं कमी येतात. छाटणी वर्षातून एकदा, फेब्रुवारीत, सिकेटरने. लांब फांद्या आतल्या जोडापासून कापा, एकतृतीयांशाहून जास्त नाही. माळी मोठी कात्री घेऊन चौकोनी ठोकळा करायला बघेल, त्याला आवरा. फुलं नव्या शेंड्यांवर येतात आणि शेंडे सारखे कापले की वर पानांचं कवच, आत नुसत्या काटक्या उरतात.

फुलं हवेतल्या दमटपणावर येतात. वळीव पडला की चार-आठ दिवसांत झुडूप भरतं, पुन्हा रिकामं होतं, पुढच्या सरीला पुन्हा. इकडे समुद्राच्या गारव्यात तितकी फुलत नाहीत, लातूरच्या उष्णतेत जास्त फुलतील. पण आई, देवाला वाहण्यासाठी यांचा भरवसा धरू नकोस, तोडली की लगेच गळतात.

मुरूम सांगण्याआधी फाटकातून ट्रॅक्टरची ट्रॉली आत येते का ते मोजून घ्या. नाहीतर रस्त्यावर टाकून घमेल्याने वाहायची मजुरी मुरमापेक्षा जास्त होईल.

तुमची,
शुभा