थीफचे पहिले गेम कानांनी खेळायचे आहेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेम्सबद्दल जे छापून येतं ते बहुतेक वेळा नुकत्याच आलेल्या गेमबद्दल असतं, आणि एखाद्या जुन्या सीरिजचा विषय निघालाच तर "त्या काळी चांगला होता, आता ग्राफिक्स जुने वाटतात" एवढ्यावर तो संपतो. बाकी गेम्सचं मला माहीत नाही, पण 'थीफ'च्या बाबतीत हे वाक्य वाचलं की मला खरंच राग येतो, कारण ज्या गेममध्ये निम्मा वेळ तुम्ही मुद्दाम अंधारात भिंतीला चिकटून उभे असता आणि पलीकडच्या खोलीत कोण चालतंय ते ऐकत असता, त्या गेमला ग्राफिक्सवर मार्क देणं हा अन्याय आहे. म्हणून या सीरिजच्या सुरुवातीच्या भागांचं परीक्षण मीच लिहून पाठवतोय. थोडं लांबलंय, पण जमलं तर पूर्ण छापा.

'थीफ: द डार्क प्रोजेक्ट' आला 1998 च्या शेवटी. अमेरिकेतल्या केंब्रिज, मॅसेच्युसेट्सच्या लुकिंग ग्लास स्टुडिओजने बनवलेला. त्याच वर्षी जपानमधून 'तेंचू' आणि 'मेटल गिअर सॉलिड' आले होते, म्हणजे लपूनछपून खेळायच्या गेम्ससाठी ते वर्ष भारीच होतं, पण त्या दोन्हींमध्ये आपण आपल्या हिरोला बाहेरून बघतो, थीफमध्ये थेट गॅरेटच्या, म्हणजे आपण ज्या चोराचा खेळ खेळतो त्याच्या, डोळ्यांतून बघायचं असतं, त्यामुळे पाठीमागे काय चाललंय हे दिसायचा प्रश्नच येत नाही, ते ऐकावंच लागतं. आणि फर्स्ट पर्सन म्हटलं की तेव्हा लोकांना बंदुका आणि धडाधड गोळ्याच आठवायच्या. इथे हातात तलवार आहे पण ती इतकी जड आणि बेभरवशाची की दोन गार्ड अंगावर आले तर पळालेलं बरं.

स्क्रीनच्या खाली मधोमध एक रत्न असतं, लाइट जेम. तुम्ही उजेडात असाल तर ते चमकतं, अंधारात गेलात की काळं पडतं. तुम्ही कितपत दिसताय याचा हिशोब त्या एका खड्यात असतो, वर बार नाही की आकडे नाहीत. बाकी सगळी माहिती आवाजातून. गालिच्यावर आणि गवतावर पाय वाजत नाहीत, लाकडावर थोडे वाजतात, फरशीवर आणि लोखंडी जाळीवर तर खाड खाड. म्हणजे नवीन खोलीत शिरताना आधी खाली बघायचं, जमीन कसली आहे. फरशी असेल तर एकतर मुंगीच्या पावलांनी जा नाहीतर मॉस अ‍ॅरो मारून तिथे शेवाळ पसरवा आणि त्यावरून चाला. मशाल जळत असेल तर वॉटर अ‍ॅरोने विझवा. लाकडी तुळई दिसली तर रोप अ‍ॅरो मारा, दोर लोंबतो, वर चढा, आणि चढून झाल्यावर बाण परत काढून घ्या! हे सगळे बाण म्हणजे शस्त्रापेक्षा अवजारंच जास्त, आणि तुम्हाला वाटेल तिथे वापरता येतात, गेम कुठेही "इथे दोर लावा" अशी खूण करून ठेवत नाही.

आता खरी कमाल कुठे आहे ते सांगतो. त्या गेममध्ये आवाज भिंतीतून आरपार येत नाही. लेव्हल आतून खोल्याखोल्यांत वाटलेली असते आणि आवाज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत दारांच्या, कॉरिडॉरच्या वाटेने फिरत येतो, मध्ये दार बंद असेल तर दबतो. त्यामुळे गार्ड भिंतीपलीकडे दोन हातांवर असला तरी त्याचा आवाज ज्या दाराकडून येतो तिकडूनच तो तुमच्यापर्यंत पोचेल हे कानाला कळतं. आणि हीच व्यवस्था गार्डलाही लागू आहे, तुमचा पाय वाजला तर तो आवाज त्याच वाटेने त्याच्याकडे जातो आणि तो त्या दिशेने शोधायला येतो. दोघांना एकच नियम. 1998 साली! आजही कितीतरी मोठ्या गेम्समध्ये गार्डला तुम्ही 'ऐकू' येता ते तुमच्याभोवती एक गोल आखून, तुम्ही गोलात आलात की त्याला कळलं, मध्ये भिंत आहे का दार आहे याचं देणंघेणं नाही.

शिवाय गार्ड बडबडतात. कंटाळलेले असतात तेव्हा शिट्टी वाजवतात, गुणगुणतात, खोकतात, काही ऐकू आलं तर मोठ्याने विचारतात कोण आहे, काही सापडलं नाही तर उंदीर असेल म्हणून पुटपुटत परत फिरतात. हे नुसतं वातावरणासाठी नाहीये, गार्डच्या डोक्यात आत्ता काय चालू आहे, तो बेफिकीर आहे का सावध झालाय का तुम्हाला शोधतोय, हे तुम्हाला कळावं म्हणून त्याला बोलतं केलंय. डोक्यावर उद्गारचिन्ह दाखवायची गरजच नाही.

पहिलं खरं मिशन म्हणजे लॉर्ड बॅफर्डचा वाडा, राजदंड चोरायचा. पुढच्या दारावर पहारा, म्हणून बाजूला जाऊन विहिरीच्या वाटेने आत शिरायचं. त्या पुढच्या दारापाशी दोन पहारेकरी अस्वलांच्या झुंजींवर गप्पा मारत असतात, हल्लीच्या अस्वलांत पूर्वीसारखा दम राहिला नाही वगैरे, आणि तुम्ही सावलीत उभं राहून ते सगळं ऐकता. त्या संवादाचा मिशनशी काहीएक संबंध नाही पण त्या शहरात तुमच्याशिवायही काहीतरी चालू आहे हे तिथेच पटतं. आणि नकाशा म्हणजे हाताने काढलेला कागद, त्यावर तुम्ही नेमके कुठे उभे आहात हे दाखवणारा ठिपका नाही. पुढे 'द सोर्ड' नावाच्या मिशनमध्ये तर कॉन्स्टंटाइनच्या वाड्याचा नकाशा अर्धवटच आहे, कारण आत काय आहे हे कोणालाच माहीत नाही, आणि आत गेल्यावर कळतं की तो वाडा सरळ डोक्याच्या माणसाने बांधलेलाच नाही. अख्ख्या सीरिजमधली माझी सगळ्यात आवडती लेव्हल हीच.

'असासिन्स' हे मिशनही असंच. दोन मारेकरी तुमच्या जिवावर उठतात, तुम्ही मेलात असं समजून परत निघतात आणि तुम्हाला त्यांच्या मागोमाग जायचंय, त्यांना कळू न देता, त्यांचा मालक कोण ते शोधायला. गल्लीबोळांतून ते कुठे वळले हे बऱ्याचदा फक्त त्यांच्या पावलांवरूनच कळतं. आणि 'बोनहोर्ड'च्या थडग्यांमध्ये क्विंटसचं शिंग शोधायचं असतं, त्याचा सूर अंधारात लांबून ऐकू येत राहतो आणि जवळ गेलं की वाढतो. एरिक ब्रोसियस या माणसाचं हे साउंडचं काम आहे. संगीत म्हणावं तर संगीत नाही, घुमणं, खरखर, लांबवर काहीतरी वाजतंय, पण एकदा डोक्यात बसलं की जात नाही.

पण सगळंच गोड नाही, ते पण लिहितो. पहिल्या गेमला स्वतःच्याच कल्पनेवर पुरता विश्वास नव्हता असं मला ठामपणे वाटतं. वाडे, तुरुंग, माणसं, पहारे असं मस्त चाललेलं असताना मध्येच झॉम्बी येतात, भुयारं येतात, बरिक नावाचे गॅस ओकणारे सरड्यासारखे प्राणी येतात. झॉम्बीला ब्लॅकजॅकने, म्हणजे गॅरेटच्या त्या छोट्या दंडुक्याने, बेशुद्ध करता येत नाही, तो बोलत नाही, त्याच्या मनात काय आहे ते कळत नाही, म्हणजे ज्या गोष्टीत हा गेम सर्वात भारी आहे नेमकी तीच तिथे निघून जाते. 'लॉस्ट सिटी' मला रटाळ वाटते. 1999 च्या 'थीफ गोल्ड'मध्ये तीन मिशन्स वाढवली, त्यातलं ऑपेरा हाऊसचं 'साँग ऑफ द कॅव्हर्न्स' सुंदर आहे, पण 'थीव्ह्ज गिल्ड'मधली गटारं म्हणजे नुसती वणवण. याला अपवाद एकच, भुताटकीचं कॅथेड्रल. तिथले हाँट नावाचे, हॅमराइट या धर्मपंथातले मेलेले लोक साखळ्या वाजवत, कुजबुजत फिरतात, म्हणजे भूत आहे पण आवाज करणारं भूत आहे, आणि म्हणूनच ते मिशन जमलंय.

लोकांची हीच तक्रार स्टुडिओने ऐकली आणि मार्च 2000 मध्ये 'थीफ 2: द मेटल एज' आला त्यात झॉम्बी जवळजवळ काढून टाकले. माणसं, वाडे, बँका, गोदामं, चोरी. पंधरा मिशन्स. शत्रू म्हणजे मेकॅनिस्ट पंथ आणि त्यांचा प्रमुख कारस, ज्याचा आवाज गॅरेटलाच आवाज देणाऱ्या स्टीफन रसेलने दिलाय, दोन्ही आवाज इतके वेगळे की सांगितल्याशिवाय पटत नाही. मेकॅनिस्टांमुळे शहरात विजेचे दिवे आले आणि त्यावर वॉटर अ‍ॅरो चालत नाही, म्हणजे आधीच्या गेममधली तुमची हमखास युक्तीच बाद, बटण शोधा नाहीतर उजेडातून वाट काढा. लोखंडी फरशा वाढल्या, कॅमेरे आले, वाफेवरचे यंत्रमानव आले जे धडधडत आणि प्रार्थनेसारखं काहीतरी बोलत फिरतात, त्यांच्या पाठीमागच्या बॉयलरवर पाण्याचा बाण मारला की ते थंड. गार्डही हुशार झाले, उघडं राहिलेलं दार त्यांच्या लक्षात येतं. 'ईव्ह्जड्रॉपिंग' नावाचं तर मिशनच आहे ज्यात मुख्य काम म्हणजे कारस आणि शेरिफ ट्रुआर्ट यांचं बोलणं चोरून ऐकणं.

'फर्स्ट सिटी बँक अँड ट्रस्ट' आणि 'लाइफ ऑफ द पार्टी' ही दोन मिशन्स कोणीही खेळून बघावीत. दुसऱ्यात अख्ख्या शहराच्या छपरांवरून एंजलवॉच नावाच्या मनोऱ्यापर्यंत जायचं असतं, वाटेत कुठल्याही खिडकीतून आत शिरा, कोणाचंही घर लुटा, घाई कसलीच नाही. उणी बाजू म्हणजे 'केसिंग द जॉइंट' आणि 'मास्क्स' ही लागोपाठची दोन मिशन्स एकाच वाड्यात आहेत, आधी पाहणी आणि मग चोरी, कल्पना चांगली आहे पण खेळताना तोच वाडा परत असं होतंच, आणि शेवटचं सोलफोर्ज फार लांबलंय. तरी लेव्हल्स म्हणून बघाल तर दुसरा गेम पहिल्यापेक्षा सरस आहे. गोष्ट आणि भीती म्हणाल तर पहिला. मला विचाराल तर मी पहिल्याच्याच बाजूने आहे, कारण दुसऱ्यात पुढे काय असेल याचा अंदाज येतो, पहिल्यात कधीच येत नाही.

डिफिकल्टीबद्दल एक सांगायचं राहिलं. एक्स्पर्ट, म्हणजे सगळ्यात कठीण पातळी, घेतली की कामं वाढतात, जास्त माल चोरावा लागतो आणि मुख्य म्हणजे माणूस मारायचा नाही. एकही नाही. मारला की मिशन फेल. हिंसक गेम्सवर चर्चा होते तेव्हा हे उदाहरण कोणी देत का नाही?

दुसरा गेम आल्यावर दोनच महिन्यांत, मे 2000 मध्ये, लुकिंग ग्लास बंद पडला. तिसरा भाग 'डेडली शॅडोज' 2004 मध्ये आयन स्टॉर्म या दुसऱ्या स्टुडिओने केला, जुन्या टीममधले काही लोक तिथे होते. सावल्या खऱ्याखुऱ्या हलू लागल्या पण रोप अ‍ॅरो गेला, पोहणं गेलं, आणि एक्सबॉक्सवरही चालावं म्हणून लेव्हल्स लहान करून मध्ये लोडिंग घातलं. पण त्यात 'रॉबिंग द क्रेडल' आहे, एक जुनी इमारत जी आधी अनाथाश्रम होती आणि वेड्यांचं इस्पितळही. तिच्या पहिल्या अर्ध्या भागात एकही शत्रू नाही. नुसते आवाज आहेत, वरच्या मजल्यावर काहीतरी धडधडतंय, आणि भल्याभल्यांची तिथे पुढे पाऊल टाकायची हिंमत होत नाही. पहिल्या गेमची शिकवण तिसऱ्यात कोणीतरी नीट लक्षात ठेवली होती एवढं नक्की.

नवीन खेळणाऱ्यांनी 'थीफ गोल्ड'पासून सुरुवात करावी, स्टीम आणि जीओजी या गेम विकणाऱ्या वेबसाइट्सवर मिळतो, 2012 साली चाहत्यांकडे एक अनधिकृत पॅच, म्हणजे गेम दुरुस्त करणारी फाइल, आला तो टाकला की आजच्या कॉम्प्युटरवर आणि मोठ्या स्क्रीनवर व्यवस्थित चालतो. हेडफोन लावूनच खेळा, स्पीकरवर अर्धा गेम हातचा जातो. आणि संपला म्हणून थांबायचं कारण नाही, लोक अजून याच्या लेव्हल्स बनवतायत, 2005 ची 'टी टू एक्स' ही अख्खी मोहीम, 2023 ची 'द ब्लॅक परेड', आणि 'द डार्क मॉड' तर वेगळा संपूर्ण गेमच आहे, सगळं फुकट. 25 वर्षांनंतरही लोक स्वतःचा वेळ घालून एखाद्या गेमची घरं आणि तळघरं बांधतायत त्याबद्दल पेपरात ओळही येऊ नये हे मला पटत नाही.

तेव्हा विनंती अशी की महिन्यातून एकदा तरी जुन्या सीरिजचं असं सविस्तर परीक्षण छापा, आणि नव्या गेमचं परीक्षण लिहिणाऱ्यांनाही सांगा की ग्राफिक्सला जितक्या ओळी देता त्याच्या निम्म्या तरी आवाजाला द्या, गार्डला आपण ऐकू कसे येतो, भिंत मध्ये आली की फरक पडतो का, एवढं जरी तपासून लिहिलं तरी आम्हा वाचकांना गेम घ्यायचा की नाही ते ठरवता येईल.

आपला,
एक नियमित वाचक