विषय: बारकोड वाचता आला नाही तर आधीच्या कव्हरचं माप लावणारं तुमचं कव्हर-ट्रिमिंग यंत्र

प्रति,
व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या पुणे कार्यालयाशी फोनवर बोललो ते शेवटचं. यापुढे सगळं लेखी.

कव्हरवरचा बारकोड वाचता आला नाही की तुमचं यंत्र थांबत नाही. आधीच्या कव्हरचं माप ते पुढच्या कव्हरला लावतं, त्याच मापाने कापतं आणि क्रीजही (कव्हर दुमडायची दाबरेघ) मारतं. पडद्यावर काम पूर्ण झाल्याचं दिसतं. दिवा लागत नाही, भोंगा वाजत नाही.

याचा परिणाम आकड्यांत सांगतो. डेमी पुस्तक १४० × २१६ मिमी. बाइंडिंगनंतर तीन बाजू कापायच्या म्हणून तिन्हीकडे ३ मिमी जादा. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो कागदाचं एक पान, म्हणजे दोन पृष्ठं, साधारण ०.०९ मिमी जाड, म्हणजे ९६ पृष्ठांच्या पुस्तकाचा स्पाइन (पुस्तकाची पाठ) ४.३ मिमी आणि २४० पृष्ठांचा १०.८ मिमी. पहिल्याचं कव्हर २९०.३ मिमी रुंद लागतं, दुसऱ्याचं २९६.८. ९६ पृष्ठांचं कव्हर गेल्यावर २४० पृष्ठांचं आलं आणि बारकोड चुकला, की मलपृष्ठ साडेसहा मिमी कमी कापलं जातं. ३ मिमी जादा धरूनही ते पुस्तकापेक्षा साडेतीन मिमी आखूड पडतं. दुसरी क्रीज स्पाइनच्या कडेवर पडायची ती आत, पहिल्या क्रीजपासून ४.३ मिमीवर पडते. देवनागरी नाव स्पाइनवर उभं घेतलेलं असतं, त्यामुळे ही क्रीज नेमकी शिरोरेषेच्या आसपास लांबीभर जाते. टोनर (छपाईच्या शाईची पूड) तडकतो आणि पुस्तकाच्या नावावर पांढरी चीर दिसते. उलट क्रमाने गेलं तर क्रीज मलपृष्ठावर साडेसहा मिमी आत पडते. दोन्ही कव्हरं रद्दीत.

बारकोड चुकतो का, तेही तुम्हाला कळायला हवं होतं. तुमचा स्कॅनर कागदाला काटकोनात बसवला आहे. ग्लॉस लॅमिनेशनवर, म्हणजे चकचकीत फिल्मवर, त्याचाच उजेड परत त्याच्या डोळ्यात जातो आणि काळ्या रेघा पुसल्यासारख्या होतात. मॅट फिल्मवर तेच यंत्र तोच बारकोड बिनचूक वाचतं. दुसरं कारण कव्हरचा बाक. डिजिटल छपाईच्या उष्णतेने कार्डातला ओलावा जातो, वर एका बाजूला फिल्म बसते. पावसाळ्यात उघडी बाजू ओल शोषून प्रसरते आणि कव्हर फिल्मच्या बाजूला वळतं. कड वर उचलली की स्कॅनरचं अंतर बदलतं. लॅमिनेशननंतर कव्हरं चोवीस तास वजनाखाली ठेवतो, तरी इंदूरच्या पावसात बाक पूर्ण जात नाही. यावरचा उपाय महागडा नाही. स्कॅनर दहा-पंधरा अंश तिरका करायचा आणि कागद दाबून धरणारी एक पट्टी त्याच्या आधी बसवायची. तो ब्रॅकेट आम्ही सैल केला तर हमी रद्द होईल, असं तुमच्याच माणसाने सांगितलं. ठीक, मग तुम्ही येऊन करा. आलात का?

आता आजच्या फोनबद्दल. हे शब्दशः लिहून ठेवलं आहे. आधी विचारलं, “तुमच्याकडे वीज कमी-जास्त होते का?” स्टॅबिलायझर आहे, नोंदी पाठवल्या आहेत, असं सांगितलं. मग विचारलं, “बारकोड कोणी तयार केला?” तुमच्याच सॉफ्टवेअरने, दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून. मग थोडा वेळ संगीत ऐकवलं. परत आल्यावर तुमचे सेवाप्रमुख म्हणाले, “साहेब, असं करा, एकाच जाडीची पुस्तकं एकत्र लावा. मग चुकलं तरी माप तेच राहील.” आम्ही म्हणालो, हे प्रिंट ऑन डिमांडचं, म्हणजे मागणीप्रमाणे एकेक प्रत काढायचं यंत्र आहे, इथे लागोपाठची दोन पुस्तकं सारखी नसतात. त्यावर उत्तर आलं, “मग तुम्ही साधं कटिंग मशीनच घ्यायला हवं होतं.”

साधं कटिंग मशीन आमच्याकडे होतं आणि आजही आहे. पाचशे सारखी कव्हरं गठ्ठ्याने कापायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. पण प्रत्येक कव्हर वेगळं असेल तर गठ्ठा बनतच नाही. एकेक कव्हर खुणेवर लावून हाताने कापावं लागतं, म्हणून तर तुमचं यंत्र घेतलं. तुमच्या माहितीपत्रकात “प्रत्येक कव्हर वेगळ्या मापाचं चालेल” असं ठळक छापलं आहे. तुमच्या सेवाप्रमुखांनी ते वाचावं.

तुमचा इंजिनीयर एकदा आला, मोजपट्टी लावली, एकूण रुंदी बरोबर आहे म्हणाला आणि गेला. एकूण रुंदी बरोबर असून काय उपयोग? परफेक्ट बाइंडिंगला (पानं गोंदाने स्पाइनला चिकटवतात ते) कव्हर पुढच्या कडेवरून लागतं. मोजायचं असतं ते त्या कडेपासून पहिल्या क्रीजपर्यंतचं अंतर, ते १४३ मिमी हवं. अर्धा मिमी चुकलं तरी ४.३ मिमीच्या स्पाइनवर नाव एका बाजूला सरकलेलं दिसतं. आम्ही ते अंतर दाखवलं, त्याने अहवालात लिहिलं नाही.

हे आम्ही इतकं ताणून का धरतो तेही सांगतो. इंदूरमध्ये मराठी पुस्तक काढणाऱ्याला हजार प्रती परवडत नाहीत. कोणी दहा छापतो, कोणी एकच. एका प्रतीच्या कामात एक कव्हर गेलं म्हणजे सगळं काम गेलं. पुन्हा छपाई, पुन्हा लॅमिनेशन, पुन्हा चोवीस तास. वाया गेलेल्या कव्हराची टक्केवारी तुम्ही मागता, पण ज्याचं एकच पुस्तक आहे त्याला ती टक्केवारी काय सांगायची?

पुन्हा लिहितो, कारण तीनदा सांगूनही नोंदवलं गेलं नाही: बारकोड वाचला गेला नाही तर यंत्राने थांबावं, किंवा ते कव्हर न कापता बाजूच्या ट्रेमध्ये टाकावं. मागचं माप कधीच लावू नये. प्रोग्राममधला हा एक नियम आहे.

पंधरा दिवसांत हा बदल करून द्या, स्कॅनर तिरका बसवा, आणि पाच वेगवेगळ्या जाडींची वीस ग्लॉस कव्हरं उलटसुलट क्रमाने, त्यांतल्या चारांचे बारकोड मुद्दाम झाकून, आमच्यासमोर चालवून दाखवा. झाकलेली चारही न कापता बाहेर आली पाहिजेत. तोवर वार्षिक देखभालीचा हप्ता मिळणार नाही. जमत नसेल तर यंत्र परत न्या आणि पूर्ण रक्कम द्या. विक्रेत्याला सांगितलेल्या कामासाठी माल योग्य असावा, असं १९३० च्या माल विक्री कायद्याचं कलम १६ म्हणतं. काम कोणतं ते आमच्या खरेदी आदेशात लिहिलेलं आहे. सोळाव्या दिवशी वकिलाची नोटीस निघेल.

चुकीची कापलेली कव्हरं, त्यांच्या नोंदी आणि मोजमापं सोबत पाठवत आहोत. कव्हरं फेकू नका, स्पाइनवरची चीर उजेडात धरून बघा.

बाइंडिंग विभाग,
इंदूर