बास गिटारचे मोठे कॅबिनेट घेताना वॅटचा आकडा शेवटी पाहावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत वाद्ये आणि ध्वनियंत्रणा यांविषयी येणारे लेखन मी नियमाने वाचतो. बास गिटारसाठी मोठे स्पीकर कॅबिनेट (म्हणजे स्पीकर बसवलेली पेटी) कसे निवडावे, या विषयावरील अलीकडच्या लेखातील दोन विधाने मात्र अशी आहेत, की त्यांच्या भरवशावर एखादा नवा वादक चुकीच्या पेटीत बरेच पैसे अडकवून बसेल. पहिले विधान असे, की खर्ज हवा असेल तर पंधरा इंची स्पीकर घ्यावा आणि ठोसा हवा असेल तर दहा इंची. दुसरे असे, की ॲम्प्लिफायरच्या दुप्पट वॅटचे कॅबिनेट घेतले की काळजी मिटली. ही दोन्ही मते वादकांमध्ये इतकी रुळलेली आहेत, की एकट्या लेखकाला दोष देण्यात अर्थ नाही. मी वीस वर्षे बास वाजवतो आहे आणि त्यांतली निदान दहा वर्षे मीही हाच पाढा म्हणत होतो.

स्पीकरचे काम हवा ढकलण्याचे असते. किती हवा ढकलली जाईल हे दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरते: शंकूचे (स्पीकरच्या हलत्या पडद्याचे) क्षेत्रफळ, आणि आवाज न फाटता तो शंकू पुढेमागे जितका सरकू शकतो ते अंतर. पंधरा इंची स्पीकरच्या शंकूचे क्षेत्रफळ साधारण ८५० चौरस सेंटिमीटर भरते आणि दहा इंचीचे साधारण ३५०. म्हणजे चार दहा इंची स्पीकर मिळून १४०० आणि आठ मिळून २८०० चौरस सेंटिमीटर होतात. सरकण्याचे अंतर सारखे धरले, तर चार दहा इंचींचे कॅबिनेट एका पंधरा इंचीच्या दीडपटीहून अधिक हवा हलवते आणि आठांचे तिपटीहून अधिक. असे असताना पंधरा इंची म्हणजे खर्ज, हे समीकरण टिकत नाही.

आवाज किती खोल खर्जापर्यंत जाईल, हे स्पीकरची घडण आणि पेटीच्या आतली जागा यांच्या जुळणीवर अवलंबून असते. केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेले जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी शक्तीत मोठा आवाज या तिन्हींपैकी कोणत्याही दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. मोठे कॅबिनेट घेण्याचे खरे कारण या नियमात आहे. हलके, लहान, खोल आणि दणदणीत अशी चारही विशेषणे एकाच पेटीला लावणारी जाहिरात दिसली, तर यांपैकी कशावर पाणी सोडले आहे ते शोधावे. सहसा ते आवाजाच्या तीव्रतेवर सोडलेले असते आणि ती उणीव वॅटच्या मोठ्या आकड्याने झाकलेली असते.

मोठ्या कॅबिनेटचा विषय निघाला की ॲम्पेग कंपनीच्या, दहा इंची आठ स्पीकर असलेल्या पेटीचे नाव येतेच. १९६९ साली ३०० वॅटच्या एसव्हीटी या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरसोबत ती आली आणि आजही मोठ्या रंगमंचावर तीच बासवादकाच्या मागे उभी दिसते. गंमत अशी, की ही पेटी फार खोल जात नाही. आजच्या आवृत्तीच्या तपशिलात स्वतः निर्मात्यानेच ५८ हर्ट्झपाशी (सेकंदाला ५८ कंपनांपाशी) ती तीन डेसिबलने उतरलेली, म्हणजे निम्म्या शक्तीवर आलेली, दाखवली आहे, आणि चार तारांच्या बासची सर्वांत खालची तार तर ४१ हर्ट्झवर बोलते. तरीही तिच्यासमोर उभे राहिलेल्या कोणालाही खर्ज कमी आहे असे वाटत नाही. याचे कारण असे, की त्या तारेच्या आवाजातला मोठा वाटा ८२ हर्ट्झ आणि त्यावरच्या स्वयंभू स्वरांचा (मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या स्वरांचा) असतो आणि कान त्यांच्यावरून मूळ स्वर मनातल्या मनात भरून काढतो. वाद्यवृंदात ज्याला आपण वजनदार बास म्हणतो तो बहुतांशी ८० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यातला असतो. त्याखाली जे उरते ते पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमशी भांडते. कागदावर ३० हर्ट्झपर्यंत जाणारे कॅबिनेट प्रत्यक्षात गढूळ वाजते आणि ५८ वर थकणारे स्पष्ट वाजते, हा अनुभव त्यामुळेच येतो.

वॅटविषयी माझा एक जुना, महागात पडलेला अनुभव सांगतो. माझ्याकडे ५०० वॅटचा ॲम्प्लिफायर आणि आठ ओहमचे (ओहम हे विद्युत रोधाचे माप) चार दहा इंचींचे कॅबिनेट होते. पाच तारांची बास घेतल्यावर खालच्या तारेला बळ यावे म्हणून, विक्रेत्याच्या सल्ल्याने, मी त्याच्या जोडीला आठ ओहमचे, ४०० वॅट छापलेले, पोर्ट (हवा आतबाहेर जाण्याचे भोक) असलेले पंधरा इंची कॅबिनेट घेतले. दोन्ही पेट्यांचा रोध सारखा असल्याने शक्ती निम्मी-निम्मी वाटली गेली, म्हणजे पंधरा इंचीच्या वाट्याला फार तर २५० वॅट आले. तरीही तिसऱ्या कार्यक्रमात त्याचे कॉइल, म्हणजे शंकूला हलवणारे तारेचे वेटोळे, आपटून वाकडे झाले.

छापलेले ४०० वॅट हे कॉइल किती उष्णता सोसेल याचे माप होते. शंकू किती सरकू शकेल याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. एक सप्तक खाली उतरून तेवढाच आवाज हवा असेल तर शंकूला चौपट सरकावे लागते. त्यात पोर्टची पेटी ज्या वारंवारतेला जुळवलेली असते तिच्या खाली तिच्यातल्या हवेचा आधार सुटतो आणि शंकू मोकाट हलू लागतो. माझी पेटी ४५ हर्ट्झच्या आसपास जुळवलेली होती आणि पाचवी तार ३१ हर्ट्झवर बोलत होती. चार दहा इंचींच्या कॅबिनेटमध्ये तेवढीच शक्ती चार स्पीकरांत विभागली जात होती. पंधरा इंचीच्या कॅबिनेटमध्ये ती सगळी एकट्यावर पडत होती. चार दहा आणि एक पंधरा ही लोकप्रिय जोडी मी तेव्हापासून कोणालाही सुचवत नाही. एकाच जातीची दोन कॅबिनेटे घ्यावीत. पाच तारा वाजवणाऱ्याने ३० ते ३५ हर्ट्झच्या खालचे सगळे कापणारी चाळणी (हाय-पास फिल्टर) ॲम्प्लिफायरच्या आधी लावावी, किंवा बंद पेटी घ्यावी. बंद पेटीतली हवा स्प्रिंगप्रमाणे शेवटपर्यंत शंकूला धरून ठेवते आणि खालच्या स्वरांत तिचा आवाज कमी होतो तोही हळूहळू, सप्तकामागे १२ डेसिबल. पोर्टच्या पेटीचा २४ डेसिबलने कोसळतो.

वॅटच्या आधी पाहावा असा आकडा म्हणजे संवेदनक्षमता: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल मिळतात. एका कॅबिनेटची ९४ आणि दुसऱ्याची १०० असेल, तर पहिल्याला दुसऱ्याची बरोबरी करायला चौपट शक्ती लागते. दुसरे २०० वॅटवर जे देते त्यासाठी पहिल्याला ८०० लागतात. शिवाय इतक्या शक्तीने कॉइल तापले की त्याचा रोध वाढतो आणि पुढचे वॅट आवाजाऐवजी उष्णतेत जातात. नुसती शक्ती दुप्पट केली तर तीनच डेसिबल वाढतात, जे गर्दीत जेमतेम जाणवतात. त्याऐवजी त्याच जातीचे दुसरे कॅबिनेट जोडले आणि ॲम्प्लिफायरनेही त्यासोबत दुप्पट शक्ती दिली, तर खालच्या स्वरांत सुमारे सहा डेसिबल मिळतात. ॲम्प्लिफायर बदलण्याआधी कॅबिनेट वाढवावे, हा अनुभवी वादकांचा सल्ला या हिशेबावर उभा आहे.

ओहमचा भाग थोडक्यात. आठ ओहमची दोन कॅबिनेटे समांतर जोडली की चार होतात. आठ आणि चार जोडली की सुमारे २.७. ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरवर जी किमान मर्यादा लिहिलेली असते तिच्या खाली जाऊ नये. आठ स्पीकरांची मोठी पेटी बहुधा मुळातच चार ओहमची असते, त्यामुळे चार ओहम किमान असलेल्या ॲम्प्लिफायरला तिच्यासोबत दुसरे काहीच जोडता येत नाही, हे खरेदीनंतर कळलेले लोक मी पाहिले आहेत. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरला स्पीकर न जोडता तो चालू करणे म्हणजे त्याच्या ट्रान्सफॉर्मरशी वैर आहे. आणि स्पीकरला गिटारची वायर लावू नये, जाड तारांची स्पीकरची वायरच लावावी.

पेटीचा आकार आणि उभी-आडवी मांडणी यांविषयी आपल्या लेखात एकही ओळ नव्हती, याचे मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटले. मोठा शंकू वरच्या स्वरांत टॉर्चसारखा झोत टाकतो. पंधरा इंचीचा आवाज साधारण एक हजार हर्ट्झच्या वर अरुंद होत जातो. वादक पेटीला चिकटून उभा असतो आणि पेटी त्याच्या गुडघ्याशी असते, त्यामुळे स्पष्टता देणारे मधले स्वर त्याच्या कानाला बगल देऊन जातात. तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या श्रोत्यांच्या कानात तो खिळ्यासारखा घुसतो. दोन स्पीकर आडवे शेजारी ठेवले तर डावी-उजवीकडचा फैलाव आणखी आवळतो. तेच एकावर एक उभे ठेवले तर तो मोकळा राहतो. दहा इंची आठ स्पीकरांची पेटी सुमारे १२० सेंटिमीटर उंच असते आणि तिचे वरचे स्पीकर कानाच्या जवळ येतात. तिच्या लौकिकाचा निम्मा भाग या उंचीचा आहे असे माझे मत आहे, आणि दोन लहान कॅबिनेटे एकमेकांवर चढवून तोच लाभ मिळवता येतो.

ते वजनाच्या दृष्टीनेही सोयीचे ठरते. ॲम्पेगची ती पेटी ६३ किलोच्या घरात आहे. ती दोघांनी उचलायची असते, आणि कार्यक्रम संपल्यावर दुसरा माणूस नेमका दिसेनासा होतो. नियोडिमियमच्या चुंबकांमुळे आजची कॅबिनेटे बरीच हलकी झाली आहेत आणि त्यांच्या आवाजाला नावे ठेवण्याची गरज मला वाटत नाही. मात्र पातळ प्लायवूडच्या पेटीत आतून आडवे टेके आहेत की नाहीत हे पाहावे. पेटीच्या भिंतींवर बोटाने टकटक करून पाहिले तर नीट टेके दिलेली पेटी ठक्क बोलते, दुसरी ढोलासारखी घुमते.

शेवटी परीक्षेविषयी. दुकानात एकट्याने बसून, खर्ज चढवून वाजवलेले कॅबिनेट जवळजवळ नेहमीच सुंदर वाटते. स्वरांची सगळी बटणे मध्यावर ठेवून, स्वतःची बास आणि शक्य तर स्वतःचाच ॲम्प्लिफायर घेऊन, ड्रमसोबत निदान अर्धा तास वाजवावे. सर्वांत खालच्या तारेपासून एकेक स्वर सारख्या जोराने वर चढत जावा. एखादा स्वर फुगतो आहे किंवा बुडतो आहे असे वाटले, तर पेटीला दोष देण्याआधी ती हलवून पाहावी. कॅबिनेटचा दर्शनी भाग मागच्या भिंतीपासून एक मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतणारा आवाज ८६ हर्ट्झच्या आसपासचे स्वर खाऊन टाकतो, म्हणजे नेमका ४१ हर्ट्झच्या तारेचा ८२ हर्ट्झचा स्वयंभू स्वर. पेटी भिंतीला टेकवली की तो खड्डा वर सरकतो आणि खालचे स्वर भरून येतात. कित्येक कॅबिनेटे या एका मीटरपायी बदनाम झाली आहेत.

आपल्याकडे माझी विनंती एवढीच आहे. यापुढे कॅबिनेटांविषयी लिहिताना वॅट आणि इंचांसोबत संवेदनक्षमता, ओहम, वजन, पेटी बंद आहे की पोर्टची, आणि आवाज कोणत्या हर्ट्झला किती डेसिबलने उतरतो, हे तपशीलही छापावेत. अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पेटी आणि स्पीकर यांचे गणित मांडून ठेवले आहे, त्यामुळे हे आकडे प्रत्येक निर्मात्याकडे असतातच. जो ते देत नाही, त्याच्या नावापुढे ‘माहिती दिली नाही’ असे छापावे.

आपला विश्वासू,
एक बासवादक वाचक