शाळेत इंटरनेट आणायचं आहे : गावकरी आणि माजी विद्यार्थ्यांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातली आपली जिल्हा परिषद शाळा पहिली ते आठवीपर्यंत आहे. बरीच लेकरं आजूबाजूच्या कोलामपोडांवरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवरून येतात. त्यांच्या घरी कोलामी बोलतात, त्यामुळे पहिलीत आल्यावर मराठी त्यांना नवीनच असते. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक अ‍ॅपवर त्या धड्याचं साहित्य उघडतं. शब्द न कळणाऱ्या लेकराला चित्र दिसलं, आवाज ऐकू आला, तर धडा पटकन उमगतो. पण शाळेत रेंज नाही. गुरुजी आणि मॅडम स्वतःच्या रिचार्जवर रात्री घरून व्हिडिओ उतरवून आणतात आणि सकाळी अख्खा वर्ग एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसतो. मागच्या लेकरांना आवाज तेवढा येतो.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यास मोबाइलवर यायचा आणि मोबाइल बापासोबत वावरात जायचा. पोडांवर तर कित्येक घरी मोबाइलच नव्हता. शाळा उघडल्यावर चौथीतली लेकरं दुसरीचं पुस्तक वाचताना अडखळत होती, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आठवीच्या एनएमएमएस परीक्षेचं (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घरातल्या मुलांसाठीची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती परीक्षा) मात्र मुद्दाम सांगायचं आहे. या शिष्यवृत्तीसाठी निवड झालेल्या लेकराला नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. कोरडवाहू शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घरात एवढ्या पैशावर मुलीचं आठवीनंतरचं शिक्षण सुरू राहू शकतं. या परीक्षेचा अर्ज ऑनलाइन, पाचवीतल्या नवोदयचाही ऑनलाइन. आज ते भरायला शिक्षकांना तालुक्याला जावं लागतं आणि तो दिवस वर्गाचा बुडतो. सरावासाठी जुन्या प्रश्नपत्रिका इंटरनेटवर आहेत. शहरातली मुलं त्या सोडवून परीक्षेला बसतात. आपल्या बहुतेक लेकरांना प्रश्नाचं स्वरूप पहिल्यांदा परीक्षेच्या खोलीतच कळतं.

नुसतं इंटरनेट आलं की लेकरं हुशार होतील, असं आमचं म्हणणं नाही. पेरू देशात दहा लाखांवर लॅपटॉप वाटले गेले, पण शिकवण्याशी त्यांची सांगड घातली नाही, म्हणून लेकरांच्या शिकण्यात सुधारणा झाली नाही, असं युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं आहे. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने ठरवलं आहे की इंटरनेट वर्गात, मोठ्या पडद्यावर आणि शिक्षक समोर असतानाच वापरायचं. लेकरांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही. सहावी ते आठवीच्या मुलांना लॅपटॉपवर बसायला दुपारचा एक तास राहील. समितीतल्या मातांनी हा आग्रह धरला आणि तो योग्यच आहे.

भारतनेटची, म्हणजे गावोगावी इंटरनेट नेण्याच्या सरकारी योजनेची फायबर ग्रामपंचायत कार्यालयापर्यंत आली आहे. तिथून शाळेपर्यंत लाइन ओढायची आहे. त्यासाठीची नाली गावातली तरुण पोरं श्रमदानाने खोदणार आहेत, कापसाची वेचाई सुरू होण्याच्या आत. हवं आहे ते असं : राउटर, प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि एका वर्षाचं इंटरनेटचं बिल. बॅटरीसह इन्व्हर्टर तर लागेलच, कारण लाइट कधी जाईल याचा नेम नाही. अर्थिंगही चांगलं करून घ्यावं लागेल. पावसाळ्यात वीज कडाडली की काय होतं, हे टीव्ही जळालेल्या घरांना विचारा.

शंभर रुपयेही चालतील. रक्कम शाळा व्यवस्थापन समितीच्या बँक खात्यातच भरावी. खाते क्रमांक मुख्याध्यापकांकडे मिळेल. प्रत्येकाला पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याच्या सभेनंतर शाळेच्या फलकावर लागेल. नागपूर-पुण्याला नोकरी करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडे आणखी एक मागणं आहे : आठवड्यातून एक तास व्हिडिओ कॉलवर आठवीच्या मुलांचा गणित किंवा बुद्धिमत्तेचा सराव घ्या. तयार असाल तर विषय आणि सोयीची वेळ मुख्याध्यापकांना कळवा.

जुना लॅपटॉप देणार असाल तर तो सुरू होतो का ते बघून, आपली खासगी माहिती पुसून, चार्जरसकट द्यावा.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती