तीन तोंडे नव्हेत

महोदय,

गेल्या गुरुवारी अक्कलकोटहून परतताना एसटीत शेजारच्या काकांनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, ‘‘तुमचा पिता, पुत्र, पवित्र आत्मा म्हणजे आमचे दत्तगुरूच की!’’ काकांचा भाव गोड, पण तुलना जुळत नाही. आमचे ‘त्रैक्य’ म्हणजे देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्ती वेगळ्या. एकच देव तीन रूपांनी दिसतो, हे मत तिसऱ्या शतकातील सॅबेलियस या ख्रिस्ती शिक्षकाच्या नावाने ओळखले जाते. चर्चने ते फार पूर्वीच नाकारले. तीन वेगळे देव, हेही नाकारले.

खरा वाद पेटला तो अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस याच्यामुळे. पुत्र (येशू ख्रिस्त) हा निर्माण केलेला, म्हणजे पित्याहून उणा, असे तो म्हणे. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) बिशपांच्या परिषदेने पुत्र पित्याशी ‘एकतत्त्व’ असल्याचे ठरवले. तरी भांडण मिटले नाही. ‘होमोऊसिओस’ म्हणजे एकच तत्त्व, ‘होमोइऊसिओस’ म्हणजे सारखे तत्त्व. ग्रीकमध्ये फरक एका अक्षराचा! नायसियाची बाजू लढवणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या बिशप अथेनेशियसला तर पाचदा हद्दपारी भोगावी लागली. ‘त्रैक्य’ हा शब्द बायबलमध्ये नाही, हा आक्षेप आजही निघतो. शब्द नाही, हे खरेच.

काकांना अरियसपर्यंत आणले आणि सोलापूरचा स्टॅण्ड आला. अथेनेशियस राहिलाच.

– एक ख्रिस्ती वाचक, सोलापूर