आधी डोळे तपासा, मग फी भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

2023 मध्ये आमच्या सोलापुरात विमानांच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली, दोन वर्षांनी होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून गोवा आणि मुंबईची विमानं सुरू झाली. तेव्हापासून आमच्या शहराच्या पूर्व भागात बारावीच्या मुलांच्या तोंडी सारखा ‘पायलट’ हाच शब्द आहे. त्यामुळे या करिअरवरचा आपल्या पुरवणीतला लेख घरोघर वाचला गेला. पगाराचा आकडा ठळक होता. ‘उमेदवार निरोगी असावा’ हे मात्र शेवटच्या ओळीत. त्या ओळीबद्दलच लिहितोय.

माझा टॉवेलचा कारखाना आहे, बारा माग. मोठा मुलगा शाळेत असल्यापासून सुट्टीत कारखान्यावर यायचा. डाईंगहून (रंगाईहून) आलेले सुताचे कोन, म्हणजे सूत गुंडाळलेले शंकू, लावायला सांगितले की मरून आणि बॉटल ग्रीनची हमखास अदलाबदल करायचा. एकदा एका ऑर्डरच्या काठाला भलतंच सूत लागलं. कामगारांदेखत मी त्याला बोललो. लक्ष कुठं असतं तुझं, म्हणालो.

बारावीला फिजिक्स-मॅथ्समध्ये चांगले मार्क पडले आणि पायलट व्हायचं म्हणाला. बाहेरगावच्या एका संस्थेनं ‘आजच बुकिंग करा, बॅच भरत आली’ असं सांगितलं. मी दोन लाख भरले. अडीच महिने पोरगा रात्र रात्र जागून नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन वाचत होता. मग पायलट होण्यासाठी लागणारी पहिली, वर्ग 2 ची वैद्यकीय तपासणी झाली. रंगीत ठिपक्यांमधले आकडे त्याला दिसेनात. लाल-हिरव्याचं रंगांधत्व. धावपट्टीच्या सुरुवातीला हिरवे दिवे, शेवटी लाल, विमान जास्त खाली आलं की नाही हे सांगणारे लाल-पांढरे, समोरच्या विमानाच्या डाव्या पंखावर लाल तर उजव्यावर हिरवा. हे रंग पायलटला ओळखता आलेच पाहिजेत, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं.

पैसे परत मिळाले नाहीत. ते सोसलं. पण परतीच्या गाडीत तो एवढंच म्हणाला, ‘पप्पा, म्हणजे कोन मी मुद्दाम चुकवत नव्हतो.’ ते अजून माझ्या मनातून जात नाही.

आता धाकटीला पायलट व्हायचंय. या वेळी एक रुपया भरण्याआधी वर्ग 2 आणि मग त्याहून कडक अशी वर्ग 1, दोन्ही तपासण्या करून घेतल्या. तिला चष्मा आहे. तो चालतो, चष्म्यानं 6/6 दिसलं पाहिजे. नोकरी लागल्यावरही ही तपासणी ठरावीक मुदतीनं देतच राहायची असते आणि एखाद्या आजारानं उड्डाण थांबू शकतं, हेही तिला नीट सांगितलं.

मग पैशाचा हिशेब. परवान्यासाठी 200 तास उड्डाण, त्याला 50 लाखांच्या आसपास खर्च. एअरबस 320 सारख्या विमानाचं टाईप रेटिंग, म्हणजे त्या ठरावीक विमानाचं प्रशिक्षण, त्यावर वेगळं. एवढ्या कर्जाला बँक तारण मागते, म्हणजे कारखान्याची जागा. 50 लाख, 11 टक्के, दहा वर्षं धरली तर महिन्याला सुमारे 69 हजारांचा हप्ता. परवाना हातात आला म्हणजे नोकरी आली, असंही नाही. 2012 ला किंगफिशर, 2019 ला जेट, 2023 ला गो फर्स्ट बंद पडली, तेव्हा हजारो तास उडालेले पायलटही नव्यांबरोबर नोकरीच्या रांगेत आले.

नातेवाईक म्हणतात, मुलीवर एवढा पैसा कशाला? आपल्या देशातल्या पायलटांत सुमारे 15 टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. माझी मुलगी त्यात का नसावी? आमचं ठरलंय: ती घरी अभ्यास करून परवान्याचे लेखी पेपर देईल. प्रत्येकाला 70 टक्के लागतात. ते सुटले की मी जागेचे कागद बँकेत नेईन. फीसुद्धा एकरकमी भरणार नाही, जेवढे तास उड्डाण होईल तेवढीच, टप्प्याटप्प्यानं.

आपल्याला विनंती अशी की, पुढच्या वेळी असा लेख छापाल तेव्हा तपासणी पहिल्या परिच्छेदात घ्या आणि खर्च पगाराइतकाच ठळक छापा. शाळांनीही आठवी-नववीच्या मुलांना ती ठिपक्यांची चित्रं दाखवावीत. सोलापुरातले नेत्रतज्ज्ञ ही तपासणी पाच मिनिटांत करून देतात.

आपला,
एक टॉवेल कारखानदार
अशोक चौक, सोलापूर